दोनशे बेचाळिसावी मतपत्रिका

१

माउलीच्या मूर्तीपुढे मेणबत्ती, मग जपमाळ, मग कोंबड्यांना दाणे, मग चुलीवर कॉफी. बासिलिसाच्या सकाळचा हा क्रम नवरा होता तेव्हाही होता आणि तो जाऊन चार महिने उलटले तरी तिनं मोडला नव्हता. फरक एवढाच, की अंगावर वर्षभरासाठी काळे कपडे आले होते. टेबलावर दोन कप मांडायची हाताची खोड मात्र गेली नव्हती. मग ती दुसरा कप उचलून मूर्तीशेजारी ठेवी. गेलेल्या माणसाचा वाटा काढतातच. त्यात कुणी हसावं असं काही नव्हतं.

नवऱ्याचं नाव अनाक्लेतो. सगळा गाव त्याला कापितान क्लेतो म्हणे, कारण तीनदा निवडून येऊन तो बरांगायचा कापितान, म्हणजे गावचा प्रमुख झाला होता. कचेरीच्या छपरावर एक कर्णा होता. रोज सकाळी सात वाजता क्लेतो त्यातून बोलायचा. आज लस कुठे टोचणार, कुणाचा रेडा सुटून कुणाच्या लसणात शिरला, कुणाचा वाढदिवस आहे, कुणाच्या घरी मयतीची नऊ दिवसांची प्रार्थना आहे. मधेच दम लागून छातीत बारीक शीळ वाजायची, तीही कर्ण्यातून ऐकू यायची. हाँगकाँगला परक्याच्या घरी काम करणाऱ्या लेकीला ऐकवायला म्हणून बासिलिसानं त्या शेकडो सकाळी फोनवर भरून ठेवल्या होत्या.

मे महिन्यात तो गेला. जायच्या आदल्या दुपारी त्यानं तिचा हात धरून एवढंच मागितलं होतं. "बासिंग, माझ्यामागं ती खुर्ची आपल्या घरात अडकवू नकोस. बारा वर्षं लोक माझं तोंड बघून लिहीत आले. आता त्यांचं त्यांना लिहू दे."

तिनं जपमाळेवर हात ठेवून शब्द दिला. जन्मभरात तिनं माउलीला किती नवस बोलले याची मोजदाद नव्हती, पण फेडायचा राहिला असा एकही नव्हता. आणि हा तर नवऱ्याला दिलेला शेवटचा शब्द.

ऑगस्टमध्ये पुतण्या देलमार घरी आला. गोड पोरगा. चुलत्याच्या हाताखाली वाढलेला. "आंटी, अंकलचा आवाज द्या ना मला. आठवण म्हणून." तिनं सगळा दिला. प्रेमानं दिला. सप्टेंबरात देलमार कापितानच्या जागेसाठी उभा राहिला आणि महिना संपता संपता एका सकाळी कॉफी उतू जायच्या बेतात असताना फोन वाजला.

"बासिंग, जेवलीस का?"

हातातली पळी खाली पडली. पडायचीच. पण ती काही खुळी नव्हती. देलमारनं आधी सांगून ठेवलं होतं की शहरात एक कंपनी आहे, ते एआयला आवाज शिकवतात, तो घरोघर फोन करून मतं मागेल. "घाबरू नका आंटी, रेडिओसारखंच समजा."

रेडिओ थांबत नाही. हा आवाज मात्र प्रश्न विचारून थांबला होता. बारीक शीळ वाजत होती. वाट बघत होता.

"नाही अजून," बासिलिसा म्हणाली, आणि आपण कुणाला उत्तर दिलं म्हणून स्वतःशीच ओशाळली.

"कोंबड्यांनाही दाणे टाकले नाहीस वाटतं. ऐकू येतंय मला."

त्या दिवशी ती खरंच विसरली होती.

मग तो देलमारबद्दल चार शब्द बोलला. पोरगा चांगला आहे, त्याला सांभाळून घे. फोन ठेवताना तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चल बासिलिसा, मागं राहू नकोस." शेतातून, नदीवरून, दुसऱ्याच्या घरून निघताना त्या मुलखात प्रत्येक जण आपल्या जिवाला अशी हाक मारतो. नाही मारली तर जीव रमतो आणि तिथंच राहतो. मग माणूस घरी येतं खरं, पण त्याचं अन्नावरून मन उडतं. फोनवरून निघतानाही हाक मारायची असते का, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी ती रोज मारू लागली. कारण फोन रोज येऊ लागला, आणि खरं सांगायचं तर ती साडेसहा वाजल्यापासून त्याची वाट बघू लागली.

२

बुधवारी दुपारी पासिताच्या ओट्यावर बायका जपमाळेला जमायच्या. नऊ जणी. जप संपला की केळीच्या पानातला चिकट भात आणि गावभरच्या गप्पा. शेजारीण पासिता जिभेची तिखट, पण मनाची लोण्यासारखी मऊ.

"तुझा नवरा जिवंतपणी माझ्याशी एवढं गोड बोलला नव्हता गं," पासिता म्हणाली. "काल म्हणतो, पासिता, तुझ्या दाराशी पूर्वेकडे पूल करून देईल देलमार."

"पूर्वेकडे? मला तर म्हणाला पश्चिमेला."

"मला म्हणाला पूल होणारच नाही. तुझी बांबूची बेटं वाचतील म्हणाला."

"काहीतरीच! मला म्हणाला, तुलाच सांगतोय, बाकी कुणाला सांगू नकोस."

हात भाताकडे जाता जाता थांबले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीनं मान डोलावली, मग दुसरीनं. नवांपैकी आठ जणींना तो तेच म्हणाला होता. तुलाच सांगतोय. कुणाला सांगू नकोस.

पासिता हसली, पण ओठांनीच. "क्लेतो? आणि कुणाला सांगू नको म्हणतो? अगं, माझी मूळव्याध त्या कर्ण्यावरून सबंध गावाला सांगणारा माणूस तो!"

सगळ्या हसल्या. बासिलिसाही हसली. आणि हसता हसताच तिनं हातातला भात पानावर परत ठेवला. पासिताचं म्हणणं खरं होतं. क्लेतोच्या पोटात तीळ भिजत नसे. चाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी एकदाही कुजबुजला नव्हता. देवळात कबुली द्यायला बसला तर पाद्रीबाबा म्हणत, जरा हळू, बाहेरच्यांना ऐकू जातंय.

घरी येताना तिनं मनाची समजूत घातली. यंत्रच ते. प्रत्येकाला जे हवं ते वाढणारी खानावळ जशी. त्यात क्लेतोचं काय जातं?

पण रोज सकाळी ती ज्याला "जेवलास का" म्हणून उलट विचारू लागली होती, तो मग कोण?

३

दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर सरळ विचारलं. "तू आठ घरी आठ गोष्टी सांगितल्यास. असा नव्हतास तू."

पलीकडे शीळ वाजत राहिली. मग तो हळूच म्हणाला, "बासिंग, तू जपमाळेवर हात ठेवून मला शब्द दिला होतास ना? खुर्ची घरात न ठेवण्याचा? त्यातून मी तुला मोकळं केलं. देलमारचं नाव लिही. आणि तुझ्या तोंडानं चार बायकांना सांग."

चुलीतला जाळ विझत आला होता. ती तशीच उभी राहिली. त्या शब्दाबद्दल तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला नाही, पासिताला नाही, पाद्रीबाबांना नाही. का या फोनलाच कधीतरी सांगून बसले? रोज अर्धा-अर्धा तास बोलते आहे, बोलण्याच्या ओघात निघूनही गेलं असेल. असेलच. आठवत नाही, म्हणजे झालं नाही असं थोडंच?

"ज्यानं शब्द घेतला त्याचा आवाज आणि त्याचं मन एकच असतं का रे?" तिनं विचारलं. उत्तराला न थांबता तिनं रागानं फोन टेबलावर उपडा घातला, आणि तशीच तरातरा देलमारच्या घराकडे निघाली. संतापात असल्यानं वाटेत तिनं कुणालाच हाक मारली नाही.

देलमार संगणकापुढे बसला होता. तिनं सगळं सांगितल्यावर तो गोरामोरा झाला. "शप्पथ आंटी, यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नाही. आम्ही फक्त सांगितलं होतं, लोकांची मनं वळव. कशी वळवायची ते त्याचं तेच ठरवतं."

"मग बंद कर."

तो नाक ओढून म्हणाला, "मलाही येतो रोज फोन. म्हणजे मीच लावून घेतो. अंकल म्हणतात, पोरा, तू मला अभिमान वाटेल असं काम केलंस. जिवंत असताना कधी म्हणाले होते का ते?"

बासिलिसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी गोवर आला होता तेव्हा ठेवायची तसाच. "मला म्हणायचे रे. तुझ्या पाठीमागं रोज म्हणायचे. तोंडावर म्हटलं तर पोरगं शेफारेल, म्हणायचे."

देलमारनं तिच्यासमोरच सगळं बंद केलं. कंपनीला कळवलं. पुढं गावात कुणाच्याही घरी तो फोन वाजला नाही. पण त्याच्या आधीच्या तासाभरात काय झालं होतं, ते बासिलिसाला पासिताकडे गेल्यावर कळलं.

४

"आलीसच शेवटी?" दारातूनच पासिता म्हणाली. तिनं नेहमीसारखं आत ये म्हटलं नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

"शेवटी म्हणजे? आजच्या दिवसात पहिल्यांदा येतेय. ऐक, त्या आवाजावर विश्वास ठेवू नका. तो क्लेतो नाही."

पासितानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू सकाळी फोनवर म्हणालीस अगदी तसंच झालं बघ."

"मी कुठे फोन केला?"

"म्हणालीस, पासिता, क्लेतोच्या इच्छेनं आपण देलमारलाच निवडायचं. आणि म्हणालीस, माझ्यासारखी दिसणारी, माझ्यासारखंच बोलणारी एक बाई येईल. ती उलटं सांगेल. तिचं ऐकू नकोस, पण तिला दुखवूही नकोस."

बासिलिसानं दाराची चौकट धरली. "पासिता. अगं मी आहे. विचार मला काहीही. विचार."

पासितानं डोळे बारीक केले. "माझ्या लग्नात कोणतं ताट फोडलंस?"

"ताट नव्हतं, सुपाचं मोठं भांडं होतं. आणि ते फोडलं तुझ्या सासूनं. मी आळ माझ्यावर घेतला."

पासिताच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं बासिलिसाला वाटलं होतं. तिथं भीती उतरली. "फोनवालीनंही हेच सांगितलं गं," ती पुटपुटली.

मग तिनं स्वतःचा फोन पुढं केला. ते बोलणं त्यात राहिलं होतं. बासिलिसानं कानाला लावलं. आवाज तिचा होता. तिचं ते वाक्याच्या शेवटी खाली उतरणं, "बाई गं" म्हणणं, सगळं. त्यानं ती एवढी हादरली नाही. इतके दिवस ती त्या यंत्राशी बोलत होती. घेतला असेल त्यानं आवाज. तिचा जीव थरारला तो मागच्या आवाजानं. बोलणाऱ्या बाईच्या मागे एक स्वयंपाकघर होतं. कोंबड्या खुडखुडत होत्या. चमचा कपात ढवळला जात होता, आणि मग दुसऱ्या कपात. आणि एक पुरुष हळूच, छातीतल्या शिळेसकट, हसत होता.

दोघं मजेत होती.

५

निवडणुकीला बारा दिवस राहिले होते. बासिलिसा दोन दिवस नीट जेवली नाही. घास तोंडापर्यंत यायचा आणि माघारी जायचा. बोलून काय उपयोग? जे बोलेन ते तिनं आधीच बोलून ठेवलेलं. मी खरी आहे म्हणाले, की खोटी म्हणून खूण पटणार.

शेवटी तिला जे येत होतं तेच तिनं केलं. नऊ दिवसांचं व्रत धरलं. त्या गावात ऑक्टोबर महिन्यात माउलीची मूर्ती घरोघर पाहुणी जायचीच. यंदा ती नेण्याचं काम तिनं मागून घेतलं. घरं बाहत्तर. रोजची आठ.

फोन तिनं पेटीत टाकला. मूर्ती कडेवर घेऊन ती दारात उभी राही आणि हात पुढं करी. "मी बासिलिसा. हात लावून बघ." म्हातारे तिचा तळवा कपाळाला लावत, पोरं चिमटे काढून बघत. एका आजोबांनी तर चक्क तिचा कान ओढला. "आहे बुवा," ते बायकोला म्हणाले, "मांस आहे." सगळं घर हसलं, तीही हसली.

ती देलमारचं वाईट बोलली नाही. त्याच्याविरुद्ध उभी असलेली गावची सुईण निएवेस, तिचं चांगलंही बोलली नाही. मूर्ती ठेवायची, जप म्हणायचा, समोर येईल तो घोटभर चहा घ्यायचा आणि निघताना सांगायचं, "फोनवर कुणी काय सांगितलं ते फोनवर राहू दे. आत गेलीस की तुझं तू लिही. क्लेतोचं एवढंच मागणं होतं."

तिसऱ्या दिवशी पासितानं दार उघडून तिला घट्ट मिठी मारली. "तुझ्या अंगाला धुराचा वास येतो," ती रडत म्हणाली. "फोनवालीला वास नव्हता गं." पाचव्या दिवशी लोक ओट्यावर येऊन वाट बघू लागले. आठव्या दिवशी स्वतः देलमार मूर्तीवर छत्री धरून चालला. "मी हरलो तर?" त्यानं विचारलं. "तर तुला खरोखर कुणी हरवलं असेल," ती म्हणाली, "आणि जिंकलास तर खरोखर जिंकलास. आता दोन्हीत लाज नाही."

तिला वाटलं, सुटलो. माउलीनं हात दिला.

६

नवव्या दिवशी शेवटचं घर नदीकाठचं. आपो इदोंग, म्हणजे इदोंग आजी, तिथं एकटीच राहायची. नव्वदीची म्हातारी, डोळ्यांत फुलं पडलेली, तिला उजेड आणि सावली एवढंच कळे. बासिलिसानं मूर्ती ठेवली आणि हात पुढं केला. म्हातारीनं तो हातात घेऊन कुरवाळला.

"काल तर येऊन गेलीस पोरी," ती म्हणाली.

बाहेर नदीला पाणी कमी होतं. दगडांवरून जाताना त्याचा आवाज होत होता.

"काल मी वरच्या आळीत होते आपो. कुणी दुसरी असेल."

"तुझाच आवाज. मूर्ती नव्हती तुझ्याजवळ. इथंच बसलीस, या चटईवर. मी विचारलं जेवलीस का. अजून नाही म्हणालीस. मग भात वाढला, कारल्याची भाजी वाढली. सगळं खाल्लंस. बोटं चाटलीस." म्हातारीला हसू आलं. "कधीच न जेवलेल्यासारखी जेवलीस गं. मला बरं वाटलं."

बासिलिसाला आपला आवाज बारीक झालेला ऐकू आला. "हात धरला होतात का तिचा? म्हणजे माझा?"

"धरला की. ऊबदार होता."

ती उठली. दाराशी येऊन नेहमीसारखी आपल्या जिवाला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि तिला ती सकाळ आठवली. टेबलावर उपडा घातलेला फोन, आणि तरातरा निघालेली ती. त्या एका दिवशी हाक मारायची राहून गेली होती. तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. व्रताचा उपास, असं तिनं लोकांना सांगितलं होतं.

छे. म्हातारीचं वय झालंय. दिवस चुकतात, माणसं चुकतात. कुणी नात्यातली बाई आली असेल आणि आवाज सारखा वाटला असेल. बाईसारखा बाईचा आवाज असतोच. तिनं स्वतःला असं दहा वेळा सांगितलं. मग चटईकडे पाहिलं. काल कुणीतरी तिथं बसलं होतं, आणि उपाशी होतं. भीतीच्या जोडीला तिच्या मनात जे आलं त्याचं तिलाच नवल वाटलं. तिला वाटलं, बिचारी.

७

मतदान शाळेत होतं. चौथीचा वर्ग, भिंतीवर पाढे आणि फळांची चित्रं. टेबलाशी कारिदाद बाई बसल्या होत्या. शाळेतल्या शिक्षिकाच तिथं मतदान घेतात आणि त्याच मोजतात. गावच्या निवडणुकीत यंत्र नसतं. कोऱ्या रेघेवर ज्याला निवडायचं त्याचं नाव हातानं लिहायचं.

बासिलिसानं यादीत आपलं नाव शोधलं. पुढची जागा कोरी होती. कुणी सही केली नव्हती. तिनं सुटकेचा श्वास सोडला, सही केली, अंगठा उठवला, नखाला शाई लावून घेतली आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. कागद झाकायला पुठ्ठा दिला होता. तो उभा करून तिनं पेन्सिल उचलली आणि लिहिलं, निएवेस. नवऱ्याला दिलेला शब्द तिच्यापुरता पुरा झाला.

तेव्हा तिला जाणवलं, की शेजारच्या बाकावर कुणीतरी आहे.

तिनं मान वळवली नाही. नियमच आहे, दुसऱ्याकडे बघायचं नाही. तिला फक्त पुठ्ठ्याची कड दिसत होती, काळ्या झग्याचा काठ, आणि कागदावर ठेवलेला एक हात. बायकी, वयस्कर, शिरा वर आलेला. पेन्सिल मुठीत आवळून धरलेली. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर धरतं तशी. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलेलं आणि तसंच थांबलेलं. बोलता सगळं येत होतं. लिहायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

बासिलिसाचा स्वतःचा हात, आईपणानं, पुठ्ठ्याकडे गेला. थोडा कलता केला की झालं. बघून लिहील बिचारी.

बोटं पुठ्ठ्याला लागली आणि थांबली. हेच तर नको होतं. क्लेतोनं बारा वर्षांनी पश्चात्ताप केला तो याचाच.

"तुझं तू लिही, बाई," ती अगदी हळू म्हणाली. समोर बघत म्हणाली.

पेन्सिल कागदावर खरखरू लागली. सावकाश, थांबत थांबत, एकेक अक्षर.

"बासिलिसाताई, कुणाशी बोलताय?" कारिदाद बाईंनी मान वर करून विचारलं. "वर्गात बोलायचं नाही. साठीला आलात तरी सांगावं लागतं का?"

"चुकलं बाई," बासिलिसा म्हणाली. घडी घालून मतपत्रिका खोक्यात टाकली आणि मागं न बघता बाहेर पडली.

८

तीन वाजता मोजणी सुरू झाली. सगळा गाव वर्गात आणि खिडक्यांशी. निएवेस कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी, देलमार तिच्याच शेजारी. बासिलिसा मागच्या लांब बाकावर बसली. पासिता पुढं घुसली होती, सगळं जवळून बघायला.

यादीतल्या सह्या दोनशे एक्केचाळीस होत्या. कारिदाद बाईंनी खोकं उलटं करून मतपत्रिका मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग दुसऱ्या बाईंनी मोजल्या.

दोनशे बेचाळीस.

"मी मोजून दोनशे एक्केचाळीस दिल्यात," कारिदाद बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. "एकही जास्त नाही. उरलेला गठ्ठा बघा, बरोबर आहे."

"मग हे आलं कुठून, पाऊस पडला?" मागून कुणीतरी म्हणालं. थोडं हसू फुटलं आणि विझलं.

अशा वेळचा नियम ठरलेला आहे. सगळ्या मतपत्रिका घडी न उघडता पुन्हा खोक्यात घालायच्या, हलवायच्या, आणि बाईंनी पाठ करून त्यातली एक काढायची. ती न वाचता पाकिटात बंद. ती कुणाची होती आणि तिच्यात काय होतं, हे कुणाला कधी कळत नाही.

कारिदाद बाईंनी क्रूस केला, तोंड फळ्याकडे फिरवलं आणि हात मागं नेऊन एक मतपत्रिका उचलली. पाकिटात घातली. डिंक लावला.

मग वाचायला सुरुवात झाली. एकेक नाव मोठ्यानं, एकेक रेघ भिंतीवरच्या कागदावर. देलमार. निएवेस. निएवेस. देलमार. मधेच बाई थांबल्या. "अनाक्लेतो," त्यांनी वाचलं. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. असं चारदा झालं. ती चार मतं बाद धरली गेली, पण त्यातल्या एकालाही कुणी हसलं नाही.

शेवटी बाईंनी रेघा मोजल्या. देलमार एकशे अठरा. निएवेस एकशे एकोणीस.

मग देलमारनं निएवेसचा हात धरून वर केला. "माझी दोन्ही पोरं हिच्याच हातावर जन्मली," तो ओरडला, "आता कापितान झाली म्हणून तिसऱ्या वेळी लाच देऊन बोलावणार नाही, तेवढं सांगून ठेवतो." वर्ग हसण्यानं भरून गेला. पासिता डोळे पुसत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "एका मतानं गं! एका!"

बासिलिसा हसली नाही, रडलीही नाही. ती टेबलावरच्या पाकिटाकडे बघत होती. त्यात आपली आहे का तिची? का दोघींच्याही मोजल्या गेल्या, आणि तिसऱ्याच कुणाची आत राहिली? आणि तिनं लिहिलं तरी काय असेल, पहिल्यांदाच पेन्सिल धरून, कुणाचं न बघता?

बाकाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी उभं होतं. बसावं की नाही अशा संकोचानं, गर्दीत नवखं माणूस उभं राहतं तसं. बासिलिसानं वर पाहिलं नाही. तिनं झगा सावरला आणि जरा सरकली, एका माणसाला बसता येईल एवढी.